मोरपंखी लुगडं

३ मार्च, सोमवार

वही नवऱ्याने, अर्हमने दिली. म्हणाला, "रोज माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा." बरं, लिहिते. कुणी चोरून वाचेल ही भीती नाही. माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही.

आज कामाचा पहिला दिवस. एका संस्थेचं वर्षभराचं काम मिळालंय. आमच्या धरणगावच्या आसपासच्या चार गावांत जायचं आणि आयांना लहान लेकरांच्या खाण्यापिण्याबद्दल शिकवायचं. जळगावच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकले आणि लग्नानंतर सहा वर्षं सासऱ्यांच्या कापड दुकानात गल्ल्यावर बसले, तेव्हा जीवनसत्त्वं आणि सुटे पैसे दोन्ही सारखेच पाठ आहेत. दुकान बाबूजींच्या नावाचं आहे, पण चालतं सासूबाईंच्या, म्हणजे मम्मीजींच्या जिभेवर. गिऱ्हाइकाने "रंग पक्का आहे ना?" विचारलं की त्या साडी त्याच्यापुढे टाकतात आणि म्हणतात, "गेला तर मला बोलवा धुवायला." आजवर त्यांनी एकाही साडीला खराब म्हटलेलं मी ऐकलं नाही. तीन वर्षं कपाटात पडून राहिलेल्या पिवळ्या साडीलासुद्धा नाही.

नोकरीचं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बीनणी, लगीनसराईत गल्ल्यावर कोण बसणार?" बीनणी म्हणजे सून. शुभेच्छा वगैरे काही नाही.

पाथरखेड्याच्या अंगणवाडीत बऱ्याच बाया जमल्या होत्या. तिथल्या सेविका सुगंधाबाईंनी माझी ओळख करून दिली. सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही, असं मी सुरू केलं, तोच मागून एकीने विचारलं, "ताई, तुमले किती पोरं शेतस?"

"एकही नाही."

"लगीनले किती वरीस व्हयनात?"

"सहा."

खोली एकदम गार पडली. पाण्यात पाय न घातलेला माणूस पोहायला शिकवायला आला, तर आणखी काय होणार! मी तक्ता उलटा टांगलाय हेही माझ्या नंतर लक्षात आलं.

५ मार्च, बुधवार

आज अंडं. आमच्या जैन घरात अंड्याचं नावही घेत नाहीत, आणि मी उकडलेली अंडी डब्यात घेऊन निघालेली. म्हणजे उकडून आणली सुगंधाबाईंनी, डबा त्यांचा, सोललंही त्यांनीच. मी लांब उभी राहून बोट दाखवत होते. "ज्यांच्या घरी चालतं त्यांनी आठ-नऊ महिन्यांच्या लेकराला हे चांगलं कुस्करून द्यावं," असं म्हणताना माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं असणार, कारण बाया हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पण त्या हसण्याने बर्फ वितळला. मग वरण किती घट्ट हवं ते सगळ्यांनी नीट ऐकलं. चमचा तिरका केला तर घळकन ओघळायला नको, एवढं घट्ट. वरून अर्धा चमचा तेल किंवा तूप.

घरी पोचायच्या आत बातमी दुकानात पोचली होती. मम्मीजी म्हणाल्या, "अंडं शिकवून आलीस?"

"त्यांच्या घरात चालतं, मम्मीजी."

"हूं. आंघोळ कर, मग स्वयंपाकघरात ये."

एवढ्यावर भागलं. मला वाटलं होतं, महाभारत होईल.

११ मार्च, मंगळवार

सुगंधाबाईंबरोबर घरोघर गेले. एका घरात पाय थबकला. मुलीचं नाव भाविका, घरात भावी म्हणतात. कालच आठवा महिना संपून नववा लागला आणि वजन सहा किलोला टेकलेलं नाही. डोळे मात्र एवढे मोठे, आणि बघणं असं की आपणच परीक्षेला बसलोय असं वाटावं. आई सारिका, बावीस-तेवीसची, बारावी शिकलेली. सासू पुष्पाबाई घरच्या कारभारीण, आवाज खणखणीत. घर खाऊनपिऊन सुखी आहे. दारात दोन म्हशी, ओट्यावर कापसाचा ढीग, घरात तुपाचा वास. म्हणजे अन्न नाही अशातला भाग नाही.

मी पुष्पाबाईंच्या चुलीवरच मुगाचं घट्ट वरण करून दाखवलं, भात कुस्करून तूप घातलं. सारिका खाली मान घालून बघत होती. मी वाटी तिच्या हातात दिली, तर तिने सासूकडे पाहिलं.

पुष्पाबाई म्हणाल्या, "करसू ना ताई, बठ्ठं करसू. मामा येऊ द्या, मंग बठ्ठं खाई ती."

बठ्ठं म्हणजे सगळं, एवढं आता कळतं; मामाचं काय ते मात्र कळलं नाही. मामा खाऊ आणतो म्हणत असतील. मी म्हटलं, मामाच्या खाऊची वाट कशाला बघायची, बिस्किटं तर मुळीच देऊ नका. आणि नाचणीच्या सत्त्वाकडे वळले. सुगंधाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण पुष्पाबाईंनी त्यांना चहा पुढे केला.

१४ मार्च, धुळवड

दुकान बंद. दिवसभर झोपले. अर्हमच्या कानात अजून गुलाबी रंग आहे.

१९ मार्च, बुधवार

आज माझा पारा चढलाय, तेव्हा जे लिहीन ते उद्या वाचायचं नाही.

भावीचं वजन तसूभर हललं नाही. मी विचारलं, वरण-भात देता? पुष्पाबाई म्हणाल्या, "देस ना ताई." किती? "वाटीभर." मी समोर करून दाखवलं, वाटी सारिकाच्या हाती दिली आणि शेजारच्या घरी गेले. रुमाल विसरला म्हणून परत आले, तर वाटी पुष्पाबाईंच्या चार वर्षांच्या नातवापुढे! तो चाटूनपुसून खात होता आणि भावी आईच्या मांडीवरून त्या वाटीकडे टक लावून बघत होती. हातसुद्धा पुढे केला होता तिने.

सारिकाने मला पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मी मात्र काहीतरी लागट बोलले. म्हटलं, "शिकलेली आहेस ना गं तू?"

ही मुलगी आळशी आहे की मुलगी झाली म्हणून नाराज? पण भावीचे केस कसे नीट तेल लावून विंचरलेले असतात, डोळ्यांत काजळ, अंगावर स्वच्छ झबलं. नाराज आई असं करेल का? मला काहीच कळत नाही. मला लेकरू असतं तर कळलं असतं, असं आज पहिल्यांदा स्वतःलाच वाटलं.

जेवताना मम्मीजींनी विचारलं, "भाजी अळणी झाली का?" नव्हती झाली. मी म्हटलं, चांगली आहे. त्या म्हणाल्या, "मग खा की." यांचं सगळं लक्ष भाजीत.

२४ मार्च, सोमवार

सुगंधाबाईंचा सकाळीच फोन. भावीला परवापासून जुलाब. धरणगावच्या दवाखान्यात आणलंय. मी गल्ला सोडून पळाले. मम्मीजी मागून ओरडल्या, "चप्पल तरी नीट घाल!" दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या खऱ्या.

पोर निपचित पडली होती. टाळू खोल गेलेली. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, चमच्याचमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही म्हणाल्या. मग सासू-सुनेला समोर बसवून बोलल्या, "जुलाब थांबतील. पण हिच्या अंगात काही नाही. वरचं खाणं सुरू झालं नाही, तर पुढच्या वेळी ही इतकं सोसायची नाही." पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या बाईला नातीची माया नाही असं मी पुन्हा कधी म्हणणार नाही.

देवा, पोरीला सांभाळ. जिनेंद्रा, म्हसोबा, जो कोणी पाथरखेड्याच्या बाजूला लक्ष देत असेल त्याने.

२६ मार्च, बुधवार

कळलं! आणि कळल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पंधरा दिवस मी दगडावर पाणी ओतत होते, आणि एक साधा प्रश्न विचारला नाही.

भावी आता बरी आहे. रडते, म्हणजे बरीच. दवाखान्याच्या व्हरांड्यात सारिका आणि मी दोघीच होतो. मी त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, मी भरवू कशी? तिचं उष्टावणच नाही झालं."

मामाने मांडीवर बसवून खिरीचं पहिलं बोट लावल्याशिवाय लेकराच्या तोंडात अन्नाचा दाणा जायचा नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. त्यात मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. सातवा निघून गेला. आता नववा चाललाय, तो दहा एप्रिलला संपतो. तो हुकला की थेट अकरावा. आणि मामा येत नाही!

का येत नाही? तर साडीपायी. सारिकाचा भाऊ कुंदन नशिराबादचा. बाळंतपण माहेरी झालं. तो बहिणीला-भाचीला सोडायला आला तेव्हा पुष्पाबाईंसाठी आहेराची साडी घेऊन आला. पुष्पाबाईंनी चार बायांत ती उलगडली आणि म्हणाल्या, "हाई लुगडं तं भांडा पुसाले व्हई." कुंदन पाणीही न पिता उठला. या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाला. पुष्पाबाई म्हणतात, त्याने यावं, मी कशाला बोलावू? तो म्हणतो, त्यांनी बोलवावं. मधल्या मधे ही पोर.

मी पुष्पाबाईंना गाठलं. म्हटलं, आजोबांनी भरवावं, नाहीतर मानलेला एखादा मामा बसवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अभद्र बोलले. "भाऊ जित्ता शे तिना. जित्ता मामाले सोडीसन दुसराना मांडीवर पोर बसाडी, नि तिले काही व्हयनं तं?" आहारशास्त्राच्या पुस्तकात रुसलेल्या मामाचा धडा नाही.

"मग तुम्हीच बोलवा त्याला," म्हटलं.

"मी? लुगडं खोटं व्हतं ते व्हतं," असं म्हणून त्या पाणी आणायला गेल्या. आता चार बायांत बोललेला शब्द त्या तरी कसा गिळणार?

२७ मार्च, गुरुवार

काल जेवताना सगळं घरी सांगितलं. राहवलंच नाही. बाबूजी चुकचुकले. अर्हम म्हणाला, "एका साडीपायी?" मम्मीजी फुलके लाटत होत्या, त्यांचं लाटणं थांबलं.

"कसली साडी?"

"काय माहीत. मोरपंखी म्हणाली सारिका."

"काठ?"

"बारीक जरीचा. मम्मीजी, लेकरू उपाशी आहे आणि तुम्ही काठ विचारताय!"

"घेतली कुठून?"

"इथूनच, धरणगावहून. लग्नाच्या कापडांचा बस्ता इथेच फाडला होता म्हणे, म्हणून सासूच्या पसंतीचं दुकान बघून घेतली बिचाऱ्याने. कोणतं दुकान ते काही ती बोलली नाही, तिचा जीव इकडे टांगणीला लागलेला."

मम्मीजींचा तव्यावरचा फुलका करपला. त्यांच्या हातून फुलका करपलेला मी काल पहिल्यांदा पाहिला. धंद्याच्या बाईला सगळीकडे कापडच दिसतं. मला इतका राग आला की ताक न घेताच उठले.

३० मार्च, पाडवा

दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाय सुजलेत. कुंदनचा नंबर सारिकाकडून घेतला होता, मधल्या सुट्टीत फोन केला. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं. त्याने आदराने ऐकून घेतलं, भाची बरी आहे का हे दोनदा विचारलं. मग म्हणाला, "ताई, तुमचं म्हणणं पटतं. पण मी दोन दुकानं फिरून चांगलं कापड घेतलं होतं. माझ्या बहिणीच्या सासरी मला भिकारी ठरवलं. बोलावणं येऊ द्या, मी धावत येतो." आणि फोन ठेवला. त्याचंही खोटं नाही.

दहा तारीख. दहा तारीख.

३१ मार्च, सोमवार

मम्मीजी आज ऐन गर्दीच्या दिवशी जळगावला गेल्या. म्हणे महाराजसाहेब मुक्कामी आहेत, दर्शनाला जाते. संध्याकाळी दमून आल्या, साडीच्या निऱ्यांवर धूळ. मी विचारलं, प्रवचन कशावर होतं? म्हणाल्या, "क्षमेवर." आणि पाय चेपून घेत बसल्या. मग मधेच विचारलं, "नशिराबादचे लोक चहात आलं फार घालतात, नाही?"

मला कसं ठाऊक असणार! मी नशिराबादला कधी उतरलेसुद्धा नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज मी दुसऱ्या गावाला होते. तिथे चांगलं झालं, त्याचं पण लिहायला हवं, नुसतं रडगाणं नको. एका आजीबाईंनी स्वतः होऊन सांगितलं की त्यांचा नातू आता केळं कुस्करून, मऊ खिचडी, पालकाचं वरण सगळं खातो आणि चहा बंद केलाय. वर मला म्हणाल्या, "पोरी, तुले बी देव देई." मी हसून नमस्कार केला. आता हे वाक्य तितकं टोचत नाही.

घरी आले तर बाबूजी कपाटं उपसत होते. मोरपंखी साड्यांच्या थप्पीतली एक कमी. मम्मीजी म्हणाल्या, "विकली."

"कोणाला? बिल नाही."

"आठवत नाही."

बाबूजी चष्मा काढून त्यांच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या मुलीच्या लग्नात कोणता शालू गेला ते सांगणारी बाई! वय होतंय आता त्यांचं. मला जरा काळजीच वाटली.

३ एप्रिल, गुरुवार

मम्मीजींचा आज उपवास. आठम नाही, चौदस नाही, दोन दिवसांवर आयंबिलची ओळी, म्हणजे नऊ दिवस एकवेळ बिनदूध-तुपाचं जेवण, आलेली असताना आज कशाला? विचारलं तर म्हणाल्या, "माझा हिशोब आहे." उन्हाचा पारा बघा, आणि यांचं पाणीसुद्धा उकळून मोजकं. हट्टीपणात या घरात कुणी त्यांचा हात धरणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

सुगंधाबाईंचा फोन! उद्या भावीचं उष्टावण! कुंदन येतोय! पुष्पाबाईंनी स्वतः बोलावणं धाडलं!

मी दुकानातच टाळी वाजवली. एक नवरदेव दचकला. कसं जमलं विचारलं तर सुगंधाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ज्यानं कोन्ही करं त्याले पुन्य लागो." माझ्या फोनचा परिणाम झाला असेल का? असेलही. माणसाच्या मनात एक शब्द रुजत राहतो.

मम्मीजींना सांगितलं. "चला ना उद्या," म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझी ओळी आहे. मला कुठे चालतं खीरबीर." आणि कपड्याची घडी घालायला लागल्या. यांना माझ्या कामाचं कधीच काही वाटणार नाही, हे आता मी धरूनच चालते.

६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस मला आयुष्यभर पुरेल.

ओटा शेणाने सारवलेला, पाटाभोवती रांगोळी. कुंदन नवा सदरा घालून आधी उंबऱ्याबाहेरच उभा. पुष्पाबाई पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः पुढे गेल्या. अंगावर कोरी मोरपंखी साडी. त्याने पाणी घटाघटा प्यायलं, पुष्पाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि आम्ही सगळ्या बाया एकदम बोलायला लागलो.

साडी बघून मला नवल वाटलं. म्हणजे आवडली की शेवटी! मग एवढं रामायण कशासाठी?

कुंदनने भावीला मांडीवर घेतलं. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. पहिलं बोट तिच्या ओठांना लावलं. तिने तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, मग आत घेतली. थांबली. विचार केला. आणि त्याचं बोटच दोन्ही हातांनी धरून तोंडात घातलं.

"खा माय, खा," कुंदन म्हणाला. "मामा चुकना." आणि भर पंगतीत तो गडी हमसून हमसून रडला.

खिरीनंतर मी सारिकाला आमचा मुगाचा वरण-भात घ्यायला लावला, घट्ट, तूप घातलेला. भावीने तीन-चार घास खाल्ले, अर्धा हनुवटीवर. मी म्हटलं, पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ. हळूहळू वाढवायचं, बळजबरी नाही, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. कुठून तरी तोच जुना आवाज आला, "बठ्ठ्या आयका वं, ताई काय सांगी राहिनी." पहिल्या दिवशी मला पोरं किती म्हणून विचारणारी तीच.

देवाचे उपकार. कुंदनचे, पुष्पाबाईंचे, डॉक्टरीणबाईंचे, सुगंधाबाईंचे उपकार. अर्हमने ही वही दिली त्याचेसुद्धा.

९ एप्रिल, बुधवार

रोज थोडं वाढतंय. सारिका फोनवर वाटीचा फोटो पाठवते, रिकाम्या वाटीचा. एवढं सुंदर चित्र मी पाहिलं नाही.

मम्मीजी हल्ली घरात मोरपंखी साडी नेसतात. हा रंग त्यांना मुळीच खुलत नाही, आणि मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मला खुलायला नाही नेसत." रोज धुतात, रोज नेसतात. दुसऱ्या साड्यांचा काय संप आहे कोण जाणे.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सगळ्या गावच्या लेकी माहेरी निघालेल्या, त्यामुळे दुकानात ही झुंबड.

दुपारी दारात खणखणीत आवाज आला. पुष्पाबाई, मागे सारिका, आणि तिच्या कडेवर भावी. गाल आलेत पोरीला! वजन सात किलोकडे सरकतंय. हातात केळ्याचा तुकडा, निम्मा आईच्या खांद्याला. सारिका नशिराबादला निघाली होती, कुंदन बसस्टँडवर थांबला होता. आपण होऊन भावी माझ्याकडे झेपावली आणि केळं माझ्याही खांद्याला लागलं.

पुष्पाबाईंनी भर दुकानात अंगावरच्या साडीचा पदर पुढे केला. "शेठानीबाई, हाई लुगडं बहू झकास निंघनं. पहिलं तं एकदम बोगस व्हतं!"

गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान, आखाजीचा धंदा, आणि समोर जतनबाई, म्हणजे आमच्या मम्मीजी. आता काय होतंय!

मम्मीजी शांतपणे म्हणाल्या, "हो, ते खराबच होतं. माझी नजर चुकली."

बाबूजींच्या हातातला कापड मोजायचा मीटर खाली पडला.

"कोणतं पहिलं?" मी विचारलं.

पुष्पाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमले माहीतच नही? तुमनी सासू उनी व्हती ना आमना घर! नवं लुगडं लईसन. म्हने, तो पोऱ्या चांगलंच मांगत व्हता, मीच त्याले खोटं काढी दिधं. दोस मना शे, त्याना नही नि तुमना नही. बठ्ठ्या बायासमोर हात जोडात त्यासनी. मंग मी काय बोलू? त्याना आगोदर नशिराबादले बी जाई उन्यात. त्या पोऱ्याले बी हाईच सांगं." मग आवाज जरा खाली आणला, म्हणजे दुकानाबाहेर जाणार नाही एवढाच. "नि आमनी एक बाई तुमनाबद्दल बोलनी, तिले सोतानं पोर नही म्हनीसन. तं तुमनी सासू काय बोलनी माहीत शे? म्हने, मनी सूनना पोरं चार गावमा शेतस, मोजी ल्या."

मी गल्ल्याखाली वाकले. काही पडलं नव्हतं. बराच वेळ वाकूनच राहिले.

३० एप्रिल, आखाजी

काल लिहवलं नाही पुढचं. आज लिहिते.

आज दुकान वाढवल्यावर मी गच्चीवर गेले. मम्मीजी दोरीवरची मोरपंखी साडी काढत होत्या. जुनी साडी त्या परत घेऊन आल्या होत्या, तीच ही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नशिराबादचा आल्याचा चहा, न आठवणारं बिल, आठम-चौदस नसलेला उपवास. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, मी रोज वहीत लिहिलं, आणि त्यांचं वय होतंय म्हणून काळजी केली!

"मम्मीजी, तो उपवास..."

"खोटं बोलले होते. दोन गावांत. मग उपवास नको का करायला?"

"आणि काल परत बोललात, भर दुकानात."

"म्हणून आज परत उपवास." आखाजीचं आंबरस-पुरणपोळीचं ताट त्यांनी सकाळी बाजूला का सारलं, ते मला आत्ता कळलं. घरात मला कुणी काही सांगत नाही, असं म्हणायची सोय नाही. मी बघत नाही.

"का केलंत?" मी विचारलं. "तुम्हाला तर माझी नोकरीही..."

"पोरगी उपाशी होती ना. आणि घरात तूही कुठे धड जेवत होतीस?" त्यांनी दोरीवरचे चिमटे काढले. "त्या दोघांपैकी कुणीतरी एक खोटं पडल्याशिवाय गाठ सुटणार नव्हती. दोघंही पडेनात. मग म्हटलं, कापड पडू दे."

मी त्यांच्या पाया पडले. एरवी सणावारी, वाकल्यासारखं करून पडते, तशी नाही. सहा वर्षांत त्यांनी मला मुलाबाळाचं एकदाही विचारलं नाही. मी समजत होते त्यांना फिकीर नाही. या बाईच्या घरात मी सून म्हणून आले, हे माझं भाग्य. त्यांना ते तोंडावर सांगायला गेले तर रडू आलं, म्हणून इथे लिहिते.

त्यांनी मला उठवलं नाही की जवळ घेतलं नाही. पदर उजेडाकडे धरला.

"रडणं झालं असेल तर नीट बघ. महिना झाला, रोज नेसते, रोज धुते. रंग गेला?"

"नाही."

"काठाची जरी काळी पडली? काठ आकसला?"

मी काठावरून बोट फिरवलं. कोऱ्या साडीसारखा होता.

"नाही, मम्मीजी."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "घरात एका माणसाला तरी माहीत असावं."

आणि साडीची दोन टोकं माझ्या हातात देऊन त्या घडी घालायला चार पावलं मागे सरकल्या.